हवेवरून पोलादावर

दादा गेल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात, सकाळी सहा वाजता वहिनींचा फोन आला. ‘‘भाऊजी, गाडी खाली बसलीय.’’

टायर पंक्चर झाला असेल असे समजून मी पंप घेऊन गेलो. पाहतो तर चारही टायर टणक. पण पुढचा डावा कोपरा इतका खाली गेला होता, की चाकाचा वरचा भाग मडगार्डच्या आत दिसेनासा झाला होता. बैल एक गुडघा टेकून बसू लागतो, तशी ती गाडी अंगणात कलली होती. इंजिन सुरू केल्यावर कुठून तरी बारीक घरघर ऐकू आली आणि दोनेक मिनिटांनी तो कोपरा सावकाश वर आला. वहिनी पायरीवर उभ्या होत्या. म्हणाल्या, ‘‘ह्यांच्या वेळी असं कधी झालं नव्हतं.’’

मी साताऱ्याच्या एका महाविद्यालयात तीस वर्षे पदार्थविज्ञान शिकवले. बॉईलचा नियम आणि हूकचा नियम दरवर्षी फळ्यावर लिहिले, पुसले. हे दोन नियम एका मोटारीच्या चार कोपऱ्यांत परस्परांचे स्पर्धक म्हणून उभे राहतात आणि त्यांतला एक निवडण्याची पाळी एखाद्या घरावर येते, हे मात्र मला त्या सकाळपर्यंत ठाऊक नव्हते. पुढचे आठ महिने मी या विषयाच्या मागे होतो. काही गॅरेजांत उभा राहिलो, काही जुने वाचन उकरून काढले, थोडे हिशेब केले. त्यातून जे हाती आले ते इथे मांडतो आहे.

गाडी का घेतली होती

दादांचा मालवाहतुकीचा धंदा. सुरुवातीची अनेक वर्षे ते स्वतः ट्रक चालवत. ट्रकच्या पाट्यांवर, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या कमानींवर, त्यांच्या पाठीचे जे व्हायचे ते झाले. कमरेच्या दोन मणक्यांमधली चकती सरकली. साठी उलटल्यावर त्यांनी एक जुनी, परदेशी बनावटीची मोठी मोटार विकत घेतली. कारण एकच सांगायचे : ‘‘ही हवेवर चालते.’’ कंपनीचे नाव इथे महत्त्वाचे नाही. ही रचना अनेक कंपन्या वापरतात आणि म्हातारपणी तिचे दुखणे सगळीकडे सारखेच असते.

दादांच्या मागे गाडी वहिनींकडे राहिली. त्यांची हाडे ठिसूळ झालेली, आदल्या वर्षी पाठीचा एक मणका दबून चेपला होता. दर तीन आठवड्यांनी त्यांना उपचारासाठी पुण्याला न्यावे लागे. भाड्याच्या गाडीतून त्या एकदाच गेल्या, आणि नंतर दोन दिवस अंथरुणातून उठल्या नाहीत. दादांच्या गाडीतून मात्र झोप काढत जात. त्यामुळे गाडी विकून टाका, हा परदेशातल्या पुतण्याचा सल्ला ऐकायला सोपा असला तरी मानायला सोपा नव्हता.

हेलकाव्यांचा हिशेब

गाडीचा सांगाडा आणि चाके यांच्यामध्ये काहीतरी लवचीक हवे, हे कोणालाही पटेल. ते किती लवचीक हवे, हा खरा प्रश्न. स्प्रिंगेवर ठेवलेले वजन खाली दाबून सोडले, तर ते ठरावीक गतीने वरखाली होते. सेकंदाला किती वेळा, हे दोन गोष्टींवर ठरते : स्प्रिंग किती कडक आणि वजन किती. यातून एक सोयीचा आडाखा निघतो. गाडी नुसती उभी असताना तिच्या वजनाने स्प्रिंग पंचवीस सेंटिमीटर दबत असेल, तर हेलकावे सेकंदाला साधारण एक. सव्वासहा सेंटिमीटरच दबत असेल, तर सेकंदाला दोन.

आरामदायी मोटारींत हा आकडा सेकंदाला एक ते दीड या दरम्यान ठेवतात. याला शरीराचे कारण आहे. बसलेल्या माणसाचे धड आणि कणा सेकंदाला चार ते आठ या टापूतल्या उभ्या कंपनांना सर्वांत जास्त प्रतिसाद देतात. त्या टापूतले धक्के माणसाला हलवून सोडतात. उलट, सेकंदाला अर्ध्याहूनही मंद हेलकावे आले, तर होडीत बसल्यासारखे मळमळते. चांगले सस्पेन्शन या दोन आपत्तींच्या मधली वाट काढते. स्प्रिंगेचे काम धक्का पोटात घेण्याचे आणि शॉकअपचे काम तो हेलकावा विझवण्याचे. शॉकअप नसेल तर गाडी खड्डा ओलांडल्यावरही झुलत राहील.

पोलादी स्प्रिंगेची अडचण अशी, की तिचा कडकपणा कायम असतो आणि वजन मात्र बदलते. एसटीच्या रिकाम्या लाल डब्यात मागच्या बाकावर बसून प्रवास केलेल्या प्रत्येकाला हे शास्त्र पाठीने समजलेले आहे. त्या बसचे पाटे भरलेल्या गाडीसाठी बनवलेले असतात. गाडी रिकामी असली, की ते तिच्या मानाने फार कडक पडतात आणि प्रवासी उडतो. तीच बस खच्चून भरली, की मऊ चालते.

हवेची स्प्रिंग हा पेच वेगळ्या रीतीने सोडवते. जाड रबरी फुग्यात दाबाखाली हवा भरलेली असते आणि गाडीचा तो कोपरा तिच्यावर तोललेला असतो. वजन वाढले, की गाडी किंचित खाली जाते. उंची मोजणारा संवेदक ते टिपतो, कॉम्प्रेसर आणखी हवा भरतो आणि गाडी मूळ उंचीवर येते. आता आत हवेचा दाब वाढलेला असतो. फुग्याचा कडकपणा दाबाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून वजन आणि कडकपणा हातात हात घालून वाढतात. परिणामी हेलकाव्यांची गती जवळजवळ तीच राहते. एकटा चालक असो किंवा पाच माणसे आणि सामान असो, गाडीची चाल बदलत नाही.

मुंबईच्या लोकल गाड्यांच्या डब्यांखाली हवेच्या स्प्रिंगा येण्याचे मूळ कारणही हेच. दुपारचा रिकामा डबा आणि सकाळी नऊचा डबा यांच्या वजनांत जो फरक असतो, तो कोणत्याही एका पोलादी स्प्रिंगेला झेपणारा नाही. शिवाय डब्याची जमीन फलाटाच्या मानाने वरखाली होऊन चालत नाही. मुंबई-पुणे मार्गावरच्या आरामबसमध्ये वर्तमानपत्र वाचता येते, तेही बऱ्याच अंशी या फुग्यांमुळे.

एकाच प्रयोगशाळेतली दोन भावंडे

जुने वाचताना मला एक गोष्ट सापडली आणि इतकी वर्षे ती वर्गात सांगितली नाही याची चुटपुट लागली. रॉबर्ट बॉईलने १६६० साली हवेवरच्या प्रयोगांचे जे पुस्तक प्रसिद्ध केले, त्याच्या लांबलचक नावातच ‘हवेची स्प्रिंग’ असा शब्दप्रयोग आहे. हवा दाबली की परत उसळते, हा तिचा गुण त्याने स्प्रिंगेच्याच शब्दांत पाहिला होता. १६६२ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याने दाब आणि आकारमान यांचा संबंध आकड्यांनी मांडला. तोच आपला बॉईलचा नियम. आणि ज्या हवापंपावर बॉईलचे प्रयोग चालत, तो घडवणारा त्याचा तरुण साहाय्यक होता रॉबर्ट हूक. याच हूकने पुढे १६७६ मध्ये धातूच्या स्प्रिंगेचा नियम अक्षरांच्या कोड्यात लपवून छापला आणि १६७८ मध्ये उलगडून सांगितला : जितका ताण, तितके बळ.

म्हणजे हवेची स्प्रिंग आणि पोलादाची स्प्रिंग या एकाच प्रयोगशाळेत वाढलेल्या. व्यवहारात मात्र पोलाद फार पुढे गेले. १८०४ मध्ये इंग्लंडमध्ये ओबादाया एलियट याने घोडागाडीसाठी लंबवर्तुळाकार कमानींचे पेटंट घेतले. आपल्याकडच्या टांग्याखालच्या कमानी त्याच कुळातल्या. हवा आली ती चाकात : १८८८ मध्ये बेलफास्टला जॉन बॉइड डनलॉप याने मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर बनवला. त्या अर्थाने आपण सगळेच रोज थोडेसे हवेवर चालतो.

एक अमेरिकन धडा

हवा काढून स्प्रिंग बसवण्याची कल्पना एखाद्या काटकसरी भारतीय मेस्त्रीची असेल, असे मला आधी वाटले होते. ते खरे नाही. हवेची मोटार जितकी जुनी, जवळजवळ तितकाच हा उपायही जुना.

जनरल मोटर्सने १९५३ च्या सुमारास आपल्या बसगाड्यांना हवेचे सस्पेन्शन दिले आणि ते उत्तम चालले. बसमध्ये ब्रेकसाठी हवा लागतेच, कॉम्प्रेसर सतत चालतो, आणि गाडी रोज आगारात तज्ज्ञांच्या हाताखालून जाते. त्या यशाच्या भरवशावर १९५७ मध्ये कॅडिलॅकच्या ‘एल्डोराडो ब्रॉम’ या मोटारीला चारही कोपऱ्यांवर हवा आली. तेव्हा तिची किंमत होती तेरा हजार डॉलरांहून अधिक. १९५७ आणि १९५८ मिळून अवघ्या सातशेच्या आसपास गाड्या बनल्या. १९५८ मध्ये शेवरोलेपासून कॅडिलॅकपर्यंत कंपनीच्या सगळ्या मोटारींसाठी हवा हा जादा पैसे देऊन घेण्याचा पर्याय झाला.

पण श्रीमंताच्या गॅरेजमधली मोटार ही बस नव्हे. ती दिवसचे दिवस उभी राहते. सांध्यांतून हवा झिरपे आणि सकाळी मालकाला आपली गाडी पोटावर बसलेली दिसे. हवेबरोबर आलेला दमटपणा नळ्यांत साचे आणि उत्तरेकडच्या थंडीत गोठे. झडपा अडकत. दोन-तीन वर्षांत हा पर्याय बाजारातून नाहीसा झाला आणि ‘ब्रॉम’च्या कित्येक मालकांनी हवा काढून साध्या गुंडाळीच्या स्प्रिंगा बसवून घेतल्या. तेरा हजार डॉलरांच्या गाडीतून तिचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य उपटून काढावे लागले, कारण ते दुरुस्त करत बसण्यापेक्षा काढणे स्वस्त होते.

फ्रान्समध्ये सित्रोएन कंपनीने १९५५ च्या ‘डीएस’ मोटारीत वेगळी वाट धरली. तिथे बंद गोळ्यातला नायट्रोजन वायू स्प्रिंगेचे काम करी आणि उंची राखायला तेल वापरलेले होते. पॉल माजेस या अभियंत्याची ती रचना अनेक वर्षे टिकली. खुद्द हवेचे पुनरागमनही झाले. १९६१ मध्ये मर्सिडीजच्या ‘३०० एसई’मध्ये ती आली, आणि १९८४ च्या लिंकन ‘मार्क सात’मध्ये इलेक्ट्रॉनिक संवेदक घेऊन आली. आज ती अनेक महागड्या गाड्यांत असते. आजचे रबर जुन्यापेक्षा पुष्कळ सुधारलेले आहे. तरी ते रबरच आहे. म्हणून अमेरिका-युरोपात दहा-पंधरा वर्षे जुन्या झालेल्या अशा गाड्यांसाठी स्प्रिंगा आणि स्ट्रट यांचे तयार संच विकले जातात. १९५८ सालचाच व्यवहार, नव्या खोक्यात.

दुखणे कुठून सुरू होते

महामार्गालगतच्या ज्या गॅरेजात दादांचे ट्रक जात, तिथल्या मेस्त्रींना मी गाडी दाखवली. त्यांनी यंत्र लावण्याआधी साबणाचे पाणी मागवले. फुग्याच्या खालच्या घडीवर पाणी सोडल्यावर तिथे बारीक बुडबुड्यांची रांग उठली. ‘‘सर, फुगा चिरलाय. एक बदलला तरी बाकीचे तीन याच्याच वयाचे हायत.’’

फुग्याचे रबर खाली आतल्या बाजूला दुमडलेले असते आणि गाडी हलली की ती घडी वरखाली लोळते. लाखो वेळा लोळून, धूळ-चिखल खाऊन तिथेच तडे जातात. सुरुवातीला गाडी रात्रभरात एक-दोन सेंटिमीटर उतरते. मालकाच्या ते लक्षातही येत नाही, कारण सकाळी किल्ली फिरवली की कॉम्प्रेसर ती उचलून घेतो. खरा घात इथे होतो. थोडा वेळ चालण्यासाठी बनवलेला तो छोटा कॉम्प्रेसर आता सारखा चालू लागतो.

यात आणखी एक खुबी आहे. कॉम्प्रेसर बाहेरची हवा आत घेतो तेव्हा ती ओलावा शोषणाऱ्या दाण्यांच्या डबीतून जाते. गाडी खाली करताना फुग्यातली कोरडी हवा त्याच डबीतून उलटी बाहेर पडते आणि दाण्यांतला ओलावा घेऊन जाते. म्हणजे डबी आपोआप वाळत राहते. पण फुगाच गळत असेल, तर हवा तिथूनच निघून जाते, डबीकडे परतत नाही. दाणे ओले होत जातात, ओली हवा झडपांत शिरते, गंज धरते. म्हणून कॉम्प्रेसर जळाल्यावर नुसता नवा कॉम्प्रेसर बसवणे म्हणजे गळक्या हंड्याखाली नवी चूल मांडणे. जुन्या गाड्यांचे पुष्कळसे पैसे असेच वाया जातात. आधी गळती शोधायची, मग कॉम्प्रेसरकडे बघायचे, हा क्रम कोणीही मालकाने पाठ करून ठेवावा.

आम्ही पहिल्या वेळी एकच फुगा बदलला. चार महिने सुखात गेले. मग एका पहाटे वहिनींना पुण्याला नेत असताना, खंबाटकीचा बोगदा ओलांडून पुढच्या वळणावर आलो आणि मागचा उजवा फुगा फुटला. मोठा आवाज झाला नाही, नुसता सुस्कारा टाकल्यासारखे झाले आणि तो कोपरा खाली बसला. फुग्यातली हवा गेली, की गाडीचा भार आतल्या कडक रबरी ठोकळ्यावर येतो. तो अतिरेकी धक्क्यासाठी असतो, प्रवासासाठी नसतो. पुढचे काही किलोमीटर मी पायी चालण्याच्या वेगाने गाडी नेली. प्रत्येक सांध्यावर वहिनींच्या तोंडून जो आवाज येत होता तो अजून कानात आहे. त्या दिवशी उपचार झाले नाहीत. मणक्याचे पुन्हा चित्र काढावे लागले. नवीन काही मोडले नव्हते, एवढेच नशीब.

तीन वाटा

आता समोर तीन वाटा होत्या. पहिली, चारही स्ट्रट, कॉम्प्रेसर आणि झडपांचा ठोकळा नवा घालायचा. मला मिळालेला अंदाज सहा लाखांच्या पुढचा होता, आणि गाडी विकली असती तर तितकेही आले नसते. दुसरी, फुग्यांचे नुसते रबर बदलून घ्यायचे. हे काम चांगले करणारे लोक आहेत. खर्च कमी, पण आमच्या गाडीत झडपांना गंज लागला होता आणि संवेदकांच्या तारा कडक होऊन तुटू लागल्या होत्या. म्हणजे आज रबर, उद्या झडप. तिसरी वाट, हवा कायमची काढून पोलादी स्प्रिंगा आणि साधे स्ट्रट बसवायचे. संच, कर, मजुरी धरून अंदाज दीड लाखाच्या आसपास.

‘स्ट्रट’ हा शब्द गॅरेजांत सैल वापरतात. अर्ल मॅकफर्सन या अभियंत्याच्या नावाने ओळखला जाणारा स्ट्रट १९५० च्या सुमारास फोर्डच्या युरोपातल्या गाड्यांतून रूढ झाला. त्यात शॉकअप आणि स्प्रिंग एकाच खांबात असतात आणि तो खांब चाकाला सरळ उभे धरण्याचेही काम करतो. आमच्या गाडीत चाक धरायला वेगळे आर्म होते, खांबाकडे फक्त भार आणि धक्का होता. बदल करण्याआधी हे पाहून घ्यावे लागते, कारण त्यावर काम किती नाजूक हे ठरते.

वहिनींना हे पटायला वेळ लागला. ‘‘ह्यांनी हवेची म्हणून घेतली होती. हवाच काढली तर राहिलं काय?’’ या प्रश्नाला माझ्याकडे पदार्थविज्ञानातले उत्तर नव्हते. मी त्यांना एवढेच म्हटले, की हवेचा सगळ्यात चांगला दिवस पोलादाहून चांगला असतो, पण तिचा सगळ्यात वाईट दिवस आपण बोगद्यापलीकडे पाहिला. तुमच्या पाठीला सरासरीचा उपयोग नाही. तो एक दिवस पुन्हा यायला नको. त्या गप्प राहिल्या. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, ‘‘बघा मग.’’

काम कसे झाले

मी दोन्ही दिवस गॅरेजात बसून होतो. पहिली गोष्ट, उरलेला दाब सोडणे. नळी उघडण्याआधी यंत्रणा रिकामी केली नाही, तर हवा सुटते आणि गाडी अचानक खाली येते. म्हणून गाडी जॅकवर नव्हे, भक्कम स्टँडवर. मग वरचे नट, खालचा काटा, संवेदकाची दांडी, तार. जुना स्ट्रट निघाला. फुगा हातात घेतला तेव्हा घडीवरचे तडे उन्हाळ्यातल्या तळ्याच्या काठासारखे दिसत होते.

दुसरी गोष्ट स्प्रिंगेची. मागच्या आसावर साधारण हजार किलो धरले, तर एका चाकावर पाचशे. उभ्या गाडीत स्प्रिंग चाकापाशी चौदा सेंटिमीटर दबते, असे माझ्या मोजमापातून आले. म्हणजे तिच्यात साठलेली ऊर्जा पस्तीस किलोचे पोते एक मीटर उंचीवरून टाकावे एवढी. दाबलेली स्प्रिंग हातातून सुटली तर काय होईल, हे यावरून कळावे. ती दाबायचे शिकंजे चांगले आणि दोन्ही बाजूंनी सारखे आवळलेलेच हवेत. घरच्या अंगणात हे काम करू नये.

तिसरी गोष्ट विजेची. गाडीच्या संगणकाला हवा गेली हे माहीत नसते. तो कॉम्प्रेसर चालवत राहतो आणि लाल दिवा लावून ठेवतो. दिव्यामागचा बल्ब काढून टाकणारे लोक आहेत. तसे करू नये, कारण त्याच जागी उद्या खरा इशारा येऊ शकतो. मूळ शॉकअपना मऊ-कडक करणाऱ्या विजेच्या तारा असतात, त्यांच्या जागी संचातले रोधक जोडावे लागतात आणि सस्पेन्शनचा भाग संगणकातून रीतसर बंद करावा लागतो. उंचीच्या संवेदकांवर हेडलाइटची पातळीही अवलंबून असते. ते काढून फेकले तर रात्री समोरच्याच्या डोळ्यांत प्रकाश जातो. आम्ही संवेदक जागेवर ठेवले. शेवटी चाकांचे अलाइनमेंट आणि दिव्यांची दिशा दोन्ही नव्याने केली.

चौथी गोष्ट कागदांची. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपुस्तकातल्या नोंदी निर्मात्याच्या मूळ वर्णनाशी जुळेनाशा होतील असा बदल करता येत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही याबाबत कडक भूमिका घेतली आहे. नोंदणीपुस्तकात सस्पेन्शनचा रकाना नसतो, पण रकाना नाही म्हणजे मुभा आहे, असे समजणे शहाणपणाचे नाही. मी काम सुरू करण्याआधी आरटीओत जाऊन विचारले, विमा कंपनीला पत्र देऊन पोच घेतली, आणि काढलेले सगळे भाग खोक्यात भरून ठेवले. उद्या परत बसवायची वेळ आली, तर ते हाताशी असावेत. अपघात झाल्यावर कागद शोधण्यापेक्षा हे बरे.

काय गेले, काय राहिले

चौदा सेंटिमीटरच्या दबण्यावरून हिशेब केला, तर नव्या स्प्रिंगेवर गाडीचे हेलकावे सेकंदाला १.३ येतात. चांगल्या मोटारीच्या मर्यादेतच, पण हवेपेक्षा थोडे खडे. मागच्या आसावर आणखी तीनशे किलो आले, तर गाडी मागे चार सेंटिमीटरहून थोडी जास्त बसेल आणि हेलकावे १.२ च्या जवळ येतील. हवेत यातले काहीच झाले नसते. खराब रस्त्यावर बटण दाबून गाडी उंच करायची सोय गेली. मऊ-कडक करायची सोय गेली. वारंवार पाच माणसे आणि भरपूर सामान नेणाऱ्याने, किंवा गाडीला मागे काही जोडून ओढणाऱ्याने, हा बदल करण्याआधी दहा वेळा विचार करावा. ज्याची गाडी नवी आहे, ज्याच्या गावात जाणकार गॅरेज आहे, त्याने तर करूच नये. हवेची रचना वाईट नाही. ती देखभाल मागते, आणि ती जिथे मिळत नाही तिथे ती फसते. रोज आगारात जाणाऱ्या बसमध्ये ती तरली आणि मोटारीत बुडाली, याचे कारण मला तरी एवढेच दिसते.

आमच्या घरी गाडीत बहुधा दोनच माणसे असतात आणि रस्ता ठरलेला आहे. त्यामुळे जे गेले त्याची झळ कमी बसली. पहिल्या फेरीला मी मुद्दाम वहिनींच्या पाठीमागे दोन उशा दिल्या आणि आरशातून त्यांच्याकडे बघत राहिलो. बोगदा गेला, ते वळण गेले. शिरवळच्या पुढे मी विचारले, ‘‘कसं वाटतंय?’’

‘‘रस्ता कळतो आता,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आधी कळायचा नाही.’’ मग थोड्या वेळाने, ‘‘ह्यांच्या ट्रकपेक्षा बरीच बरी आहे. नवीन लग्न झालं तेव्हा मी ट्रकमधनंच जेजुरीला गेले होते.’’

त्यांना त्या दिवशी झोप लागली नाही. परतताना मात्र लागली. आता सकाळी उठल्यावर त्या आधी खिडकीतून अंगणात बघत नाहीत, असे कामाच्या बाईंनी मला सांगितले. काढलेल्या फुग्यांपैकी एक माझ्या टेबलावर आहे. शेजारचा अकरावीतला मुलगा परवा विचारत होता, हे काय आहे म्हणून. मी त्याला आधी बॉईलचा नियम विचारला, मग हूकचा. दोन्ही त्याला येत होते. मग मी फुगा त्याच्या हातात दिला आणि घडीवरचा तडा दाखवला.